हातगाडीखालची बादली

बारामतीहून इंदापूरकडे निघाले की काटेवाडी, भवानीनगर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे अशी गावे एकापाठोपाठ लागतात. हा संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग आहे. तो आता चौपदरी झाला आहे. रस्ता रुंद झाला की गाड्या थांबतात आणि गाड्या थांबतात तिथे हातगाडी उभी राहते. वडापाव, भेळ, पाणीपुरी, अंडाबुर्जी, उन्हाळ्यात रसवंती आणि अलीकडे दिवे लागणीला उभी राहणारी 'चायनीज'ची गाडी. कॉलेजची मुले, कारखान्यावर ऊस खाली करून परतणारे ट्रॅक्टरवाले, ऊसतोडीच्या हंगामात टोळीतली माणसे, एमआयडीसीतून पाळी संपवून येणारे कामगार, या सगळ्यांचे एक वेळचे जेवण या गाड्यांवरच होते. वीस-तीस रुपयांत पोट भरते आणि गरम मिळते. त्यामुळे 'बाहेरचे खाऊ नका' हा दवाखान्यातला सल्ला बरोबर असला तरी बहुतेकांना पाळता येत नाही. न पाळता येणारा सल्ला देऊन डॉक्टर मोकळा होतो, पण रुग्ण दर पावसाळ्यात येतच राहतो.

म्हणून प्रश्न थोडा वेगळा विचारायला हवा. गाडीवर खाणाऱ्याला धोका नेमका कशाचा असतो? तेलाचा, तिखटाचा, धुळीचा की आणखी कशाचा?

पुणे जिल्ह्याला याचे उत्तर जानेवारी २०२५ मध्ये मिळाले, तेही फार महागात. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत पाय लुळे पडलेले रुग्ण एकदम वाढू लागले. निदान होते गुलियन बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो. इथे काही आठवड्यांत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्ण दगावले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही पोटातून पसरणारे. कॅम्पायलोबॅक्टरच्या बाह्य आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जिवाणूवर हल्ला करायला निघते आणि स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. जुलाब बरे होऊन आठवडा-दोन आठवडे उलटल्यावर पायांत मुंग्या येऊ लागतात, ते यामुळे. या जिवाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे हजारातल्या एकालाच असे होते. म्हणजे जीबीएसचे दोनशे रुग्ण दिसले, तेव्हा त्यांच्यामागे नुसते जुलाब होऊन बरे झालेले किती असतील, याचा अंदाज करता येतो.

त्या दिवसांत लोकांनी काय सोडले? पनीर, चीज, चिकन, भात आणि गाडीवरचे खाणे. चिकन कच्चे राहिले तर त्यात कॅम्पायलोबॅक्टर असू शकतो, हे खरेच. पण तपासाचा रोख शेवटी पाण्यावर गेला. विहिरीतून उपसून नुसते ब्लीचिंग टाकून पुरवलेले पाणी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्प यांची तपासणी झाली. अनेक आरओ प्रकल्पांचे पाणी पिण्यास अयोग्य निघाले आणि महापालिकेने ते बंद केले. 'आरओचे आहे, शुद्ध आहे' असे म्हणून जे पाणी लोक पैसे मोजून घेत होते, त्याची ही गत होती.

हा भाग लासुर्ण्याच्या वाचकाने नीट लक्षात घ्यावा. कारण वीस लिटरचा थंड पाण्याचा जार आता गावोगाव पोचला आहे. लग्नात, दशक्रियेत, दुकानात, हातगाडीवर, सगळीकडे तोच. जारला झाकण असते, सील नसते. बाटलीबंद पाण्यावर उत्पादनाची तारीख आणि परवाना क्रमांक छापावा लागतो. जारवर बहुतेक वेळा फक्त विक्रेत्याचा फोन नंबर असतो. आरओ यंत्र पाण्यातले क्षार काढते, पण त्याबरोबर क्लोरीनही निघून जाते. असे पाणी धुतलेल्या-न धुतलेल्या जारमध्ये भरून दोन दिवस ठेवले की त्यात पडलेल्या जंतूला रोखणारे काही उरत नाही. त्यापेक्षा नीट टीसीएल टाकलेले ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी चवीला उग्र असले तरी जास्त भरवशाचे. हे लोकांना पटत नाही, कारण जीभ क्षार ओळखते, जंतू ओळखत नाही.

आता गाडीकडे येऊ. एकाच गाडीवरच्या सगळ्या पदार्थांचा धोका सारखा नसतो. कढईतून काढलेला वडा घ्या. तेलाचे तापमान दीडशे अंशांच्या वर असते, त्यात जिवाणू टिकत नाही. उकळता कट ओतलेली मिसळ, तव्यावर कोरडी होईपर्यंत परतलेली बुर्जी, वाफाळता चहा यांचेही तसेच. बिघाड होतो तो वड्यासोबतच्या हिरव्या चटणीत, सकाळी चिरून ठेवलेल्या कांद्यात, मिसळीवर वरून टाकलेल्या कोथिंबिरीत. ही सगळी कच्ची, ओली आणि हाताने हाताळलेली. कोरडी भेळ बरीच सुरक्षित असते. ओल्या भेळेत चिंचेचा आंबटपणा थोडी राखण करतो. पाणीपुरीच्या पाण्यालाही आंबटपणाची मदत असते, पण प्रत्येक पुरीमागे तो हात त्यात बुडत असेल तर त्या आंबटपणाने किती निभावून न्यावे?

चायनीजच्या गाडीबद्दल लोकांना भीती अजिनोमोटोची वाटते. ती भीती वाजवीपेक्षा मोठी आहे. खरी भीती भाताची वाटायला हवी. दुपारी उकडून परातीत पसरलेला भात संध्याकाळपर्यंत उघड्यावर कोमट राहतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूची बीजे असतातच. ती उकळण्याने मरत नाहीत. भात कोमट झाला की रुजतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. रात्री तोच भात मोठ्या आचेवर, ज्वाळा उठवत परतला तरी ते विष नष्ट होत नाही. समोर भडकलेला जाळ बघून ग्राहकाला वाटते, एवढ्या आगीत काय टिकणार! जिवाणू मरतो, विष टिकते. स्टॅफिलोकोकसचेही असेच; हाताला जखम किंवा गळू असलेल्या माणसाकडून तो पदार्थात उतरतो, पदार्थ कोमट राहिला तर विष सोडतो आणि पुन्हा गरम केल्याने ते जात नाही. सरळ हिशेब असा की अन्न एकतर साठ अंशांच्या वर, म्हणजे हात भाजेल इतके गरम हवे, नाहीतर फ्रिजमध्ये पाच अंशांच्या खाली हवे. मधल्या तापमानात चार-सहा तास काढलेले अन्न ताजे दिसते, ताज्याचा वास येतो, तरीही ते ताजे नसते.

अंड्याच्या कच्च्या बलकाचे मेयोनीज हा याच रांगेतला नवा पदार्थ. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली. मे २०२४ मध्ये मुंबईत ट्रॉम्बेला गाडीवरचा शोर्मा खाल्ल्यानंतर १९ वर्षांचा एक तरुण दगावला. त्याआधी २०२२ मध्ये केरळमध्ये कासरगोड जिल्ह्यात एका विद्यार्थिनीचा असाच मृत्यू झाला होता. तिथे शिगेला जिवाणू सापडला. हे पदार्थ आता तालुक्याच्या गावापर्यंत आले आहेत, त्यांना लागणारा फ्रिज मात्र गाडीवर आलेला नाही.

रंगाचा मुद्दा वेगळा. गोव्यात म्हापसा पालिकेने २०२४ च्या सुरुवातीला गोबी मंचुरियनच्या स्टॉलवर बंदी घातली आणि देशभर चर्चा झाली. त्यानंतर मार्चमध्ये कर्नाटकने मंचुरियनचे १७१ नमुने तपासले. त्यातल्या १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. लालभडक मंचुरियन हा रंगाचाच कारभार असतो, मिरचीला तो रंग येत नाही. पण रंगाने किंवा वारंवार तापवलेल्या तेलाने होणारे नुकसान वर्षानुवर्षांचे असते. तेलासाठी मोजमापही ठरले आहे: १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंड २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरायला मनाई आहे. काळे पडलेले, फेसाळणारे, मंद आचेवरही धूर सोडणारे तेल मीटर नसतानाही ओळखू येते. आज रात्री जुलाब होण्याशी मात्र या दोन्हींचा संबंध नाही, आणि चर्चा मात्र यांचीच जास्त होते.

रसवंती या भागाची खास. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस इथे बांधावर मिळतो आणि रस डोळ्यांसमोर निघतो. त्यामुळे तो ताजा, म्हणून चांगला, असा समज आहे. ऊस न धुता घातला, चरकाचे रोलर आदल्या दिवशीचे, रस गाळायचा कपडा माश्यांनी भरलेला, तर ताजेपणाला अर्थ उरत नाही. रस गोड असतो, फारसा आंबट नसतो, म्हणजे जंतूंना पंगतीचे आमंत्रणच. लिंबू पिळल्याने थोडा फरक पडतो. ब्राझीलमध्ये सांता कातारिना राज्यात २००५ मध्ये उसाच्या रसातून शागास या गंभीर आजाराचा उद्रेक झाला होता. उसासोबत चरकात चिरडलेला एक कीटक त्याला कारण ठरला. तो आजार आपल्याकडे नाही, पण उसाबरोबर चरकात काय जाते ते पाहायला हवे, एवढे त्यातून दिसते.

रसापेक्षा त्यात पडणारा बर्फ जास्त घातक. कारखान्यांसाठी, मासळी टिकवण्यासाठी बनणारा बर्फ खाण्याचा नसतो. भिगवणच्या मासळी बाजारात लागतो तो बर्फ आणि सरबतात टाकायचा बर्फ यांत फरक दिसावा म्हणून महाराष्ट्रात जून २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे केले गेले. पांढरा बर्फ खाण्याचा, निळसर बर्फ नाही. नियम साधा आणि हुशारीचा आहे. अडचण अशी की निळा रंग घालायचाच टाळला तर ग्राहकाला काहीच कळत नाही. पोत्यात, भुशात, जमिनीवर आपटून फोडलेला बर्फ दिसला तर रस 'बिनबर्फाचा' मागावा, एवढे त्याच्या हातात आहे.

या सगळ्या पदार्थांच्या खाली, अक्षरशः गाडीखाली, एक बादली असते. सकाळी भरलेली. तिच्यात प्लेटा बुडवतात, चमचे बुडवतात, मधूनच हात बुडवतात आणि खांद्यावरच्या फडक्याला पुसतात. पहिल्या दहा प्लेटांनंतर ती बादली धुण्याची राहत नाही, एकाचे दुसऱ्याला पोचवण्याची होते. काही ठिकाणी प्लेटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून पोहे देतात. ग्राहकाला ते स्वच्छ वाटते. खरे तर गाडीजवळ धुवायला पाणी नाही, याची ती कबुली आहे. नोरोव्हायरसचे मोजके कण, हिपॅटायटिस-ए चे विषाणू, टायफॉइडचे जंतू यांना असा प्रवास पुरतो. बादलीऐवजी उंचावर ठेवलेले तोटीचे पिंप, वाहत्या धारेखाली धुतलेली प्लेट आणि साबणाची वडी एवढ्याने धोका बराच खाली येतो. खर्च काही हजार रुपयांत, तोही एकदाच. पण पिंप भरायला जवळ नळ हवा, आणि सांडपाणी सोडायला गटार.

नळ कोणी द्यायचा? इथे कायद्यातली एक मोठी फट दिसते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, ओळखपत्र, जागा, समिती, सगळे आहे. पण तो महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींपुरता. इंदापूर किंवा बारामती शहरातल्या गाडीवाल्याला तो लागू होतो, लासुर्ण्यातल्याला होत नाही. २०१८ मध्ये अहमदाबादचे कांकरिया तळे देशातले पहिले 'क्लीन स्ट्रीट फूड हब' ठरले. २०२३ मध्ये केंद्राने शंभर फूड स्ट्रीटसाठी प्रत्येकी एक कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातही भर शहरांवर. सिंगापूरने गेल्या शतकाच्या सत्तर-ऐंशीच्या दशकांत रस्त्यावरचे सगळे फेरीवाले नळ, गटार असलेल्या बाजारगाळ्यांत हलवले आणि आज ते खाद्यपदार्थ जगभर नावाजले जातात. तिथे गाडीवाल्याला हुसकावले नाही, त्याला पाणी दिले.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा, अमलात आला ५ ऑगस्ट २०११ ला. तो गावालाही लागू आहे. २०११ च्या परवाना नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्यासाठी वार्षिक १०० रुपयांत नोंदणी ठेवली. शंभर रुपये कोणाला जड नाहीत. पण नोंदणीचा कागद पाणी देत नाही. आणि अन्न निरीक्षक जिल्ह्याला मोजके; हॉटेले, डेअऱ्या, मिठाईची दुकाने, दिवाळीचा खवा सोडून ते लासुर्ण्याच्या चौकात कधी पोचणार? पोचले तरी त्यांच्या हातात दंडाची पावती असते, नळाची जोडणी नसते.

नळ ग्रामपंचायतीच्या हातात असतो. पाणी, स्वच्छता, बाजार ही कामे तिचीच. आठवडी बाजारात बसणाऱ्यांकडून पावती फाडणारीही तीच. ती पावती घेताना चौकात एक तोटी, एक उतरते गटार आणि कचऱ्याचा डबा दिला तर तो कर वाटणार नाही, भाडे वाटेल. टीसीएल पावडर साठवणे, रोज ओटी चाचणी करून नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतो का पाहणे, हे जलसुरक्षकाचे काम आहे. ओटीचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. तसेच राहिले तर नाही. पाच मिनिटांचे काम. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणीस्रोतांची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत विचारणारे किती? इचलकरंजीत २०१२ मध्ये कावीळ पसरली, हजारो लोक आजारी पडले, माणसे दगावली. ती हिपॅटायटिस-ई ची साथ होती आणि कारण होते पिण्याच्या पाण्यात मिसळलेले सांडपाणी. ही कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतते.

हे सगळे गावाला जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही, कारण दर वर्षी ते जमते. आषाढीची पालखी येते, बेलवाडीला गोल रिंगण होते, लाखो पावले लासुर्ण्यावरून पुढे जातात. त्याआधी मार्गावरच्या विहिरी, बोअर, टाक्या तपासल्या जातात, टीसीएल टाकले जाते, टँकर भरण्याच्या जागा ठरतात, हॉटेलांची पाहणी होते, आरोग्य पथके रस्त्यावर येतात. एवढ्या गर्दीत कॉलरा पसरू नये यासाठी ही यंत्रणा अनेक वर्षांत बसली आहे. पालखी पुढे सरकली की ती यंत्रणाही पुढे सरकते. पाऊस मात्र त्यानंतरच खरा सुरू होतो.

गाडीवाल्याला दोष देणे सोपे असते, कारण पोट बिघडले की माणूस शेवटचे काय खाल्ले ते आठवतो. तो हिशेब बहुतेक वेळा चुकतो. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर विषाचा संशय घ्यावा. तेव्हा शेवटचे खाणे दोषी असू शकते. नोरोव्हायरसला बारा तास ते दोन दिवस लागतात, कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, टायफॉइडला एक ते तीन आठवडे, हिपॅटायटिस-ए ला १५ ते ५० दिवस. कावीळ झाल्यावर परवाच्या पाणीपुरीला शिव्या देण्यात अर्थ नसतो; महिन्यापूर्वी कुठले पाणी प्यायलो हे कोणाला आठवते?

जुलाब लागले तर पहिले औषध ओआरएस. एक पूर्ण पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात; अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. लहान मुलाला सोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०. जुलाब 'बांधणारी' गोळी लहान मुलाला कधीच देऊ नये आणि ताप किंवा शौचात रक्त असेल तर मोठ्यानेही घेऊ नये. सहा-आठ तास लघवी झाली नाही, मूल सुस्त पडले, डोळे पिवळे दिसले, पोटावर असलेली बाई आजारी पडली, तर गावातल्या सलाईनवर न थांबता रुग्णालय गाठावे. जुलाबानंतर पंधरवड्यात पाय जड वाटू लागले, जिना चढवेना, बोटांत मुंग्या आल्या, तर तो अशक्तपणा समजू नये. जीबीएसवरचे इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर जास्त उपयोगी पडतात.

आणि दोन घरांतली चार माणसे एकाच दिवशी आजारी पडली, तर आशाताईला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. साथरोग सर्वेक्षणाची यंत्रणा २००४ पासून आहे, पण तिला कोणी सांगितले तरच ती हलते. बहुतेक उद्रेक खासगी दवाखान्यात एकेक इंजेक्शन घेऊन विखुरतात आणि कागदावर येतच नाहीत. उरलेले अन्न फेकू नये, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे. शौचाचा नमुना अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. गोळीनंतर प्रयोगशाळेत बहुधा काही उगवत नाही, आणि मग पाणी कुठले, बर्फ कुठला, गाडी कुठली, हे कोणालाच सांगता येत नाही.